गॅपाएवढं खोबरं

चंद्रव्वाला आजीचं नाव ठेवलं होतं, आणि ते तिला कधीच आवडलं नव्हतं. वर्गात सगळ्या शैला, सुरेखा, वंदना, आणि मधेच ही चंद्रव्वा! हजेरी घेताना बाईसुद्धा तिथं येऊन जरा अडखळायच्या. पण तेच नाव हातचं गेलं, तेव्हा तिला कळलं की ते किती झकास नाव होतं.

नाव गेलं ते पुणे नाक्याजवळच्या ट्रक स्टँडवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

तिच्या वडलांची, म्हणजे सिद्रामप्पाची, एक लॉरी होती. लढाईच्या काळातली, मिलिटरीच्या लिलावातून दहा हातांतून फिरत आलेली, सहा सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. स्टँडवरचे बाकी सगळे ट्रक डिझेलवाले. ही एकटी आपली जुन्या वळणाची, म्हणून तिला सगळे म्हातारी म्हणायचे. मोहोळहून कांदा, माढ्याहून ज्वारी, असलं जवळपासचं भाडं म्हातारी कण्हत कुंथत ओढायची.

म्हातारीला रोग एकच. पॉइंट! इंजिनाच्या कुशीत डेल्को नावाचं एक डबडं असतं, काळं टोपण घातलेलं. त्यात दोन इवलेसे पॉइंट एकमेकांना टेकतात नि सुटतात, टेकतात नि सुटतात. सुटले की प्लगमधे ठिणगी पडते. सुटल्यावर त्या दोघांत जी फट राहते, तिला म्हणायचं गॅप. गॅप वाढला की म्हातारी खोकायची, कमी झाला की रस्त्यातच बसायची. आणि हा गॅप बरोबर लावणारा सोलापुरात एकच माणूस आहे, असं सगळे म्हणायचे. सगळ्यात आधी तो माणूस स्वतः म्हणायचा. रुद्रप्पा मिस्त्री.

रुद्रप्पा मिस्त्रीच्या कानावर कायम एक पट्टी खोचलेली असायची. सिगारेटच्या पाकिटाची, नखाएवढ्या रुंदीची. दोन पॉइंटच्या मधे ती पट्टी घालायची, डोळे मिटायचे, ओढून बघायची, आणि म्हणायचं, "हां." त्या एका 'हां'साठी सिद्रामप्पा सकाळपासून उन्हात उभा राहायचा, कारण मिस्त्रीला आधी चहा लागायचा, मग पान लागायचं, मग कुणाशी तरी भांडायला लागायचं.

त्या दुपारी चंद्रव्वा वडलांचा, अप्पाचा, डबा घेऊन आली होती. मिस्त्रीचं 'हां' झालं आणि हिनं सरळ विचारलं, "मिस्त्रीकाका, तुम्ही एवढा बरोबर गॅप लावता, तर मग तो परत परत जातो कसा?"

बरं, विचारलं ते खरंच कळावं म्हणून. पण स्टँडवर चहा विकणाऱ्या सोजरबाईनं चहाची किटली हातातल्या हातात थांबवली.

मिस्त्रीनं कानावरची पट्टी काढली, चंद्रव्वाच्या दोन भुवयांच्या मधे आडवी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "अरारारा! सिद्रामप्पा, गाडीचा सोड बे, तुझ्या पोरीच्या डोक्यातलाच गॅप वाढलाय की! कानस मारावी लागतंय हितं!"

असा हशा उसळला म्हणता! मायाप्पा ड्रायव्हर तर स्टेपनीवरून घसरला. आणि चंद्रव्वानं वळून बघितलं, तर अप्पाही हसत होता. भीत भीत, मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत बघत. पण हसत होता.

तिथून पुढं ती चंद्रव्वा राहिलीच नाही. "ए गॅप, चहा घे." "गॅप आली बघा." मायाप्पाची मुलगी तिच्याच वर्गात, त्यामुळे जूनमधे शाळा उघडली तेव्हा नाव तिच्याआधी जाऊन बाकावर बसलं होतं. फळ्यावर दोन उभ्या रेघा नि मधे मोकळी जागा, एवढंच कुणीतरी काढलं होतं. खाली काही लिहिलंही नव्हतं. लिहायची गरजच नव्हती! अक्कलकोटची मावशी आली, तीसुद्धा दारातच म्हणाली, "कुठाय आमची गॅप?"

रडली का चंद्रव्वा? एकदाच, न्हाणीघरात, पाण्याचा नळ सोडून. मग तोंड धुतलं आणि ठरवलं. मिस्त्रीनं आपलं नाव घालवलं. ते त्याच्याच तोंडून, सगळ्या स्टँडसमोर परत घ्यायचं. आणि नुसतं नाव परत मिळून भागणार नव्हतं. त्याला थोडं भाजलं पाहिजे होतं.

आता भाजायचं कसं? ते सापडलं नव्या पेठेत, वेणीमाधवकाकांच्या रेडिओ दुकानात. घरचा रेडिओ दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला ती गेली, तर काका मुंबईच्या कुठल्याशा मासिकात नाक खुपसून बसलेले.

"काय वाचलालाय काका?"

"अगं, गंमत आहे. मोटारीतले पॉइंट काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर. घासत नाही, झिजत नाही, आणि गॅप लावायची भानगडच नाही."

गॅप लावायची भानगडच नाही!  म्हणजे गॅपच नाही! म्हणजे पट्टी नाही, 'हां' नाही, मिस्त्री नाही!

"काका, हे म्हातारीला बसेल?"

"कोणत्या म्हातारीला?"

तिनं सगळं सांगितलं. काका हसले नाहीत, त्याबद्दल तिनं त्यांना जन्मभराचे मार्क देऊन टाकले. ते एवढंच म्हणाले, "पण त्या मिस्त्रीचा यात दोष नाही हं. पॉइंट घासतात, जळतात. कुणीही लावले तरी गॅप जाणारच."

"असं त्यांनी मला सांगायचं होतं की मग," चंद्रव्वा म्हणाली. "मी तेच विचारलं होतं."

सिद्रामप्पाला पटवणं सोपं नव्हतं. "मिस्त्रीला कळलं तर?" हे त्याचं पालुपद. पण श्रावणात म्हातारी कांद्यानं भरलेली असताना मोहोळच्या अलीकडं बसली, निरोप पाठवूनही मिस्त्री दुसऱ्या दिवशी पान चघळत आला, आणि तोवर पोत्यांना वास सुटला. त्या संध्याकाळी सिद्रामप्पा जेवता जेवता म्हणाला, "कर तुला काय करायचं ते. पण ऐकूलालीस का, उद्या बंद पडली तर परत गाडीला हात लावायचा न्हाय."

झालं! रोज शाळा सुटली की चंद्रव्वा दुकानात. काकांनी तारा जोडायला शिकवलं. कथिल वितळून चकचकीत थेंब पडला, की तो मिस्त्रीच्या जिभेवर पडला असं ती मनात म्हणायची, आणि थेंब अगदी नेमका पडायचा. रागानं हात थरथरतो म्हणतात, तिचा उलट स्थिर व्हायचा.

युक्ती अशी होती. डेल्कोच्या मधल्या दांडीवर पत्र्याची एक गोल चकती बसवायची. सहा सिलिंडर म्हणून कडेला सहा खाचा. चकतीच्या वर एक बारका दिवा, खाली मसुराच्या दाण्याएवढा एक डोळा, उजेड ओळखणारा. चकती फिरली, खाच दिव्याखाली आली, डोळ्यावर उजेड पडला, की डोळा ट्रान्झिस्टरच्या डब्याला सांगणार आणि ठिणगी पडणार. कशाला काही टेकणं नाही, घासणं नाही. नुसतं बघायचं!

काकांनी डबा बनवला, पण चकती चंद्रव्वानं बनवली. पहिली तिनं अंदाजानं कापली, वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून. म्हातारी चालू झाली खरी, पण अशी लंगडत, की सोजरबाईच्या बरण्या नाचल्या. मिस्त्री नेमका जेवायला गेला होता म्हणून बरं! घरी येऊन तिनं कंपासपेटी काढली. वर्तुळ काढलं, आणि कंपासचं माप तेच ठेवून परिघावर चाप मारत गेली. एक, दोन, तीन... सहावा चाप बरोबर पहिल्या खुणेवर येऊन बसला. भूमितीच्या तासाला हे किती वेळा केलं होतं, तेव्हा वाटायचं हे शिकून करायचं काय! दुसरी चकती घातल्यावर म्हातारीनं एवढा गोड आवाज काढला, की सिद्रामप्पानं बॉनेटला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग म्हातारी पळायला लागली. मोहोळ, माढा, परत मोहोळ. खोकणं नाही, बसणं नाही. स्टँडवर मिस्त्री पानाची पिंक टाकून म्हणायचा, "येतोय की सिद्रामप्पा. जाणार कुठं? गॅप हाय तवर मी हाय."

सिद्रामप्पाला हे गुपित पोटात मावेना. "चंद्री, सांगून टाकू की त्याला. वयानं मोठा माणूस हाय."

"अजिबात नाही," चंद्रव्वा म्हणाली. "खंडेनवमीला त्यांनाच उघडू दे."

कारण खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, स्टँडवर सगळ्या गाड्यांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी मान मिस्त्रीचा असायचा. डिझेलवाल्यांच्या पंपाला तो नुसता हात लावायचा. पेट्रोलवाल्यांचं, म्हणजे दोनचार जीपा, टॅक्सी आणि म्हातारीचं, डेल्कोचं टोपण उघडून गॅपात पट्टी फिरवायचा, 'हां' म्हणायचा, मग सेल्फ मारायचा, आणि गाडी चालू झाली की त्या गाडीचा नारळ मिस्त्रीच्या पोत्यात. ज्यानं गाडी चालू केली त्याचा नारळ, असा स्टँडचा रिवाज होता.

त्या दिवशी चंद्रव्वानं दोन वेण्या घातल्या, त्यांना शाळेच्या लाल रिबिनी घट्ट बांधल्या आणि आरशात बघून एक वाक्य इतक्यांदा म्हटलं, की अव्वानं, तिच्या आईनं, स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी भांडायलीस गं?"

स्टँडवर झेंडूच्या माळा, लिंबं-मिरच्या, उदबत्त्यांचा धूर. मिस्त्री पांढराशुभ्र सदरा घालून आलेला, कानावर कोरी करकरीत पट्टी. एकेक गाडी करत तो म्हातारीपाशी आला. "काय सिद्रामप्पा, लई दिवस दर्शन न्हाय! आणि गॅपबाई पण आल्यात वाटतं. या, या. शिका काय तरी."

 चंद्रव्वानं त्याच्या तोंडावर नजर लावली. हा क्षण तिला डोळ्यांनी पिऊन टाकायचा होता.

मिस्त्रीनं क्लिपा उघडून टोपण काढलं. कानावरची पट्टी घेतली. हात आत घातला. हात थांबला. मिस्त्री वाकला. अजून वाकला. पट्टी कुठं घालावी हेच त्याला कळेना; ती हवेतच इकडं गेली, तिकडं गेली. आणि मग तो मोठ्यांदा, अगदी हरवलेल्या पोरासारखा ओरडला,

"पॉइंट कुठंय?"

आता! चंद्रव्वानं आरशातलं वाक्य काढलं. "गॅप काढून टाकला, मिस्त्रीकाका. तुमच्यासाठी काही ठेवलंच नाही."

एक क्षण कुणाला समजलं नाही. मग मायाप्पा फिसकन हसला, आणि मग सगळे. सोजरबाई तर पदर तोंडात कोंबून वाकली.

पण मिस्त्री काही कच्च्या मातीचा नव्हता. त्यानं टोपण परत लावलं, क्लिपा मारल्या आणि हात झटकले. "बरं. पॉइंट न्हाय. मग ह्यो डालड्याचा डबा चालतो का बघू की. सिद्रामप्पा, मार सेल्फ!"

सिद्रामप्पानं सेल्फ मारला. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. म्हातारी फिरली, फिरली, आणि काहीच नाही. साधं फुसकनसुद्धा नाही. परत मारला. काही नाही.

"बघितलं?" मिस्त्रीचा आवाज परत मोठा झाला. "गाडी म्हंजे काय रेडिओ हाय का? कान पिळला की गाणं म्हणणार? अरे गॅप हाय म्हणून गाडी हाय! हिच्या डोक्यातला तेवढा राहिला बघा, गाडीतला गेला!"

हसणं सगळंच्या सगळं फिरलं. वाऱ्यानं धूर फिरतो तसं. "गॅप! ए गॅप!" पोरं टाळ्या पिटायला लागली. चंद्रव्वाच्या कानातून वाफा निघत होत्या. कालपर्यंत तर पळत होती! काल रात्री इथंच उभी केली होती! आणि अप्पा सीटवरून तिच्याकडं असं बघत होता, की परत गाडीला हात लावायचा नाही हे आता तो बोलणार, आत्ता बोलणार.

ती बंपरवर चढली. मघाशी मिस्त्रीचं तोंड बघण्याच्या नादात तिनं डेल्कोत बघितलंच नव्हतं. आता टोपण काढून बघितलं. चकती जागेवर. दिवा जागेवर. आणि चकतीच्या खाली, मसुराएवढ्या डोळ्यावर, ठसठशीत, सुकून खडखडीत झालेला भस्माचा एक आडवा पट्टा!

"अप्पा!"

"काय झालं?"

"सकाळी इथं कुणी पूजा केली?"

सिद्रामप्पा खाली उतरला. "मी केली की. पहाटेच येऊन केली. सगळ्या गाडीला केली. ती नवी वस्तू हाय, तिला भस्म न लावून कसं चालंल? वर दिसंना कुठं लावायचं, म्हणून टोपण काढून, बोट आत घालून चांगलं ओलं करून लावलं." मग त्याचा आवाज बारीक झाला. "का? लावायचं न्हवतं?"

"अप्पा, तुम्ही डोळ्यालाच भस्म लावलंय! त्याला दिसणार कसं?"

स्टँड असा हसला, असा हसला, की यावेळी कुणावर हसतोय हे स्टँडलाही कळलं नाही. चंद्रव्वानं उजव्या वेणीची रिबीन ओढून काढली, टोक पेट्रोलमधे बुडवलं आणि तो मसूर हलक्या हातानं पुसला. परत पुसला. फुंकर मारली. टोपण लावलं, क्लिपा मारल्या. अप्पा सीटवर चढायला लागला, तर तिनं त्याला अडवलं.

"मी."

ती चढली, एक वेणी सुटलेली, आणि तिनं सेल्फ मारला. म्हातारीनं दुसरा फेरासुद्धा घेतला नाही. पहिल्याच झटक्यात गुर्र करून उठली आणि गात बसली. बॉनेटवरची झेंडूची माळ थरथरत होती, पण एका तालात.

"मिस्त्री!" गर्दीतून मायाप्पा ओरडला. "पॉइंट कुठंय?"

आणि पोरांनी ते उचललं. "पॉइंट कुठंय! पॉइंट कुठंय!" मिस्त्री एका बाजूकडून दुसरीकडं वळायचा, तर त्या बाजूनंही "पॉइंट कुठंय!" स्टँडला नवं नाव सापडलं होतं, आणि स्टँडला एकदा नाव सापडलं की काय होतं, हे चंद्रव्वापेक्षा कुणाला ठाऊक होतं! ती स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकत बसली. तिला दया आली का? अजिबात नाही. तिला वाटलं, अजून जरा मोठ्यांदा.

सिद्रामप्पानं नारळ उचलला. सवयीनं त्याचा हात मिस्त्रीकडं गेला, आणि सोजरबाई कडाडली, "ए बाबा, कुठं चाललास? ज्यानं गाडी चालू केली त्याचा नारळ!"

"पोरीनं नारळ फोडायचा?" कुणीतरी मागून म्हणालं.

"गाडी चालू करती ते चाललं, नारळ चालंना व्हय?" सोजरबाई म्हणाली. 

चंद्रव्वानं म्हातारीच्या बंपरवर नारळ फोडला. एका घावात! मग सोजरबाईचा चाकू मागितला आणि मिस्त्रीच्या पुढं जाऊन उभी राहिली. "काका, तुमची पट्टी द्या की जरा."

मिस्त्रीला काही कळलं नाही. त्यानं दिली. चंद्रव्वानं पट्टी खोबऱ्याला लावली, एक डोळा मिटला, आणि पट्टीच्या जाडीएवढाच, कागदासारखा, पलीकडचं दिसेल असा एक काप काढला. तळहातावर ठेवून पुढं केला.

"प्रसाद घ्या. तुमच्या गॅपाएवढाच आहे. बघा बरोबर लागलाय का."

मिस्त्रीचं तोंड लालबुंद झालं. पण प्रसाद! नको कसा म्हणणार, तोही खंडेनवमीचा, तोही सगळ्यांच्या देखत? त्यानं हात पुढं केला. "आण बाई आण, गॅ..."

चंद्रव्वानं मूठ मिटली.

म्हातारी चालूच होती. 

"चंद्रव्वा," मिस्त्री म्हणाला.

"ऐकू नाही आलं. इंजिन चालू आहे."

"चंद्रव्वा!" मिस्त्री ओरडला.

तिनं मूठ उघडली. मिस्त्रीनं तो काप तोंडात टाकला, चावायला काही नव्हतंच, आणि वळताना पुटपुटला, "खवट हाय." हे तिनं ऐकलं, आणि सोडून दिलं. पट्टी मात्र परत दिली नाही.

मग तिनं सगळ्यांना खोबरं वाटलं. सोजरबाईला मोठी वाटीच दिली. मायाप्पाला बोटभर तुकडा दिला, कारण पहिल्यांदा तोच हसला होता, आणि आज पहिल्यांदा ओरडलाही तोच होता. शेवटी सिद्रामप्पा हसत हसत पुढं आला आणि अभिमानानं हात पसरला.

चंद्रव्वानं पट्टी खोबऱ्याला लावली.

"अगं," सिद्रामप्पा म्हणाला, "मला पण?"

"त्या दिवशी तुम्ही पण हसला होता, अप्पा."

सिद्रामप्पानं तिच्याकडं बघितलं, मग म्हातारीकडं बघितलं. आणि कागदासारखा तो काप तोंडात टाकला.